ओळ संपायच्या आधी

क्लेमेंटीन ओळ संपायच्या आधी हसली. लग्नाच्या मांडवातली बाकीची माणसं ओळ संपल्यावर हसली आणि चांगली मोठ्याने हसली, पण क्लेमेंटीन त्यांच्या आधी. एका श्वासाचा फरक असेल. ताटातला तळलेला फुगा मोडता मोडता तिच्या नवऱ्याचा, सिप्रियनचा, हात थांबला. ती बायकांच्या रांगेत, त्याच्यापासून दोन टेबलं सोडून बसली होती. मे महिन्यातलं दुपारचं ऊन मांडवाच्या पिवळ्या कापडातून गाळून सगळ्यांच्या तोंडांवर पडलं होतं आणि सगळेच जरा आजारी दिसत होते. माडाला बांधलेल्या कर्ण्यातून बर्नार्डची कॅसेट वाजत होती. गाणं गावच्या बोलीत, एका संशयी नवऱ्यावर. आरशात बघतो तर मागे वळून बघतो, हा कोण माझ्या पाठी लागला. पेरू कापतो तर आधी बियांची हजेरी घेतो. कन्फेशनला जातो तर फादरलाच विचारतो, आधी तुमचं सांगा. मग क्लॅरिनेटची एक लकेर, आणि बर्नार्डचा तो घोगरा, कानात सांगितल्यासारखा आवाज: बायको आली माहेराहून, याने आधी पिशवी बघितली, तळ लागल्यावर म्हणाला, अगं, तू पण आलीस? ‘तळ’ या शब्दावर क्लेमेंटीन हसली होती. पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं.

सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळतं. वर्गात गोष्ट सांगताना जो मुलगा शेवट यायच्या आधी हसतो, त्याने ती गोष्ट आदल्या वर्षी भावाकडून ऐकलेली असते. उत्तरपत्रिकेत एखादा शब्द नको तितका चांगला पडला की शेजारच्या बाकावरचा पेपर काढून बघायचा असतो. सिप्रियनने आयुष्यभर असे पेपर काढून बघितले होते आणि फार थोड्या वेळा तो चुकला होता. बर्नार्डची कॅसेट त्यांच्या घरात यायची नाही हे दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. ठरवलं त्याने होतं, क्लेमेंटीनने मान हलवली होती. रस्त्यात, दुसऱ्याच्या लग्नात गाणं तिच्या कानावर पडलं असेल, इथपर्यंत तो धरून चालला असता. पण पिशवी. ती पिशवी त्याच्या घरातली होती.

चार वर्षांपूर्वी, ब्याऐंशीच्या डिसेंबरात, क्लेमेंटीन माहेराहून, उमराळ्याहून परत आली होती. तिचे वडील आजारी होते. तिचे भाऊ वाडीची वाटणी करायला बसलेत, आणि ही आपला वाटा मुकाट्याने सोडून देते आहे किंवा घेऊन लपवते आहे, दोन्हीतलं एक नक्की, असं त्याच्या डोक्यात आठवडाभर घोळत होतं. ती ओट्यावर चढली, पिशवी खाली ठेवून चपलेचा पट्टा सोडायला वाकली, आणि तेवढ्यात त्याने पिशवी उघडली. आत एक साडी, औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या, आणि केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून तिचे वडील दर वर्षी करत, तशी. सुकेळ्यांचा तो मधासारखा, किंचित आंबूस वास त्याला आता मांडवातल्या डुकराच्या इंद्यालच्या वासातूनसुद्धा वर येताना जाणवला. ‘एवढीच दिली?’ असं तो तेव्हा म्हणाला होता. विनोदाने म्हणालो, असं त्याने स्वतःला नंतर बऱ्याचदा सांगितलं. क्लेमेंटीन चपलेचा पट्टा धरून तशीच वाकलेली राहिली, मग काही न बोलता आत गेली. तिसऱ्या दिवशी तिचे वडील वारले. पिशवी उघडली तेव्हा घरात तिघंच होती, तो, ती आणि मुलगी व्हेरोनिका. आणि व्हेरोनिका तीन वर्षांपासून कुवेतच्या हॉस्पिटलात नर्स होती. म्हणजे राहिलं कोण?

घरी जाताना त्याने काही विचारलं नाही. चौकशी करणाऱ्याने पहिला प्रश्न उशिरा विचारावा, हे तो शाळेत शिकला होता. क्लेमेंटीन छत्री उघडून पुढे चालत होती, नेहमीसारखी त्याच्या दोन पावलं पुढे, आणि तिच्या मानेवरचा घाम, अंबाड्यातून सुटलेली एक बट, सगळं त्याला आज कुणीतरी मुद्दाम तसं मांडून ठेवल्यासारखं वाटत होतं. ती काहीतरी गुणगुणत होती का? तो जवळ गेला तेव्हा गुणगुणत नव्हती. कुंपणापलीकडून केळीच्या बागेत पाणी सोडल्याचा आवाज येत होता. त्या आवाजात तो बर्नार्डचा विचार करत राहिला. बर्नार्ड आणि तो बरोबरीचे, गिरीजच्या एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. बर्नार्ड सातवीत शाळा सोडून वाडीत रमला, विड्याच्या पानांचे वेल आणि गावच्या बँडमधलं क्लॅरिनेट. सिप्रियन शिकून मास्तर झाला. लग्नात मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी एकमेकांना गाण्यातून टोमणे मारायची चाल जुनीच, पण या दोघांनी तिला रंग आणला. एक मुलाच्या बाजूने उभा राही, दुसरा मुलीच्या. चर्चमधली मिस्सा आटोपली की माणसं जेवणापेक्षा यांची वाट बघत. दोघांचं लिहायचा सिप्रियनच, आणि बर्नार्ड ते अशा तोंडाने म्हणे की ज्याला टोमणा बसला तोही खुर्ची पुढे ओढून ऐके. नवरदेवाचे काका हसतात असे जपून, जणू दात कुणाकडून मागून आणलेत. वरमाईचा आवाज इतका गोड, की मुंग्या लागतील म्हणून ती सुनेशी बोलतच नाही. ब्याऐंशी साली मुंबईच्या एका लहानशा स्टुडिओत जाऊन दोघांनी त्याची कॅसेट केली. ती घरोघर गेली, गल्फला जाणाऱ्या पोरांच्या बॅगांतून समुद्रापलीकडे गेली. रस्त्यात लोक सिप्रियनला थांबवून त्याच्याच ओळी त्याला म्हणून दाखवत, आणि तो हसून, जरा मान खाली घालून, त्या ऐकून घेत असे.

पंच्याऐंशीत दुसरी कॅसेट करायची ठरली तेव्हा त्याने भुईगावच्या मार्गारेटवर गाणं लिहिलं. मार्गारेट चाळिशीची, लग्न न झालेली. ओळी अशा: मार्गारेटला तीन स्थळं आली. एक घर बघून परत गेला, दुसरा दार बघून, तिसरा नुसता पत्ता ऐकून. बर्नार्ड ते म्हणायला तयार होईना. मांडवात ती समोर असते, उठून तुझ्या टकलावर दोन ओळी म्हणू शकते, असं त्याचं म्हणणं होतं. कॅसेटला ती कुठून उत्तर देणार? सिप्रियनला ते ढोंग वाटलं. बर्नार्डला एकट्याची कॅसेट काढायची आहे आणि भांडायला निमित्त हवं आहे, हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं. दोघांनी आपापल्या काढल्या. सिप्रियनच्या कॅसेटमध्ये अकरा गाणी होती आणि प्रत्येकात गावासकट एक नाव होतं. लोकांना दुसऱ्याचं नाव ऐकायला आवडतं, असा त्याचा सिद्धांत होता. ती कॅसेट दुकानांतून तशीच पडून राहिली, आणि बर्नार्डची अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत वाजू लागली. दोन वर्षं तो याचं कारण शोधत होता. बर्नार्डच्या कव्हरवरचा लाल रंग. क्लॅरिनेट. कोरसमधल्या फ्लॉसीचा गळा. बँडवाल्यांनी ठरवून एकाचीच कॅसेट वाजवायची, असंही असू शकतं. पण कुठलंही कारण पुरेसं वाटत नव्हतं, कारण एक गोष्ट आडवी येत होती: बर्नार्डला लिहिता येत नाही. चार ओळी सरळ जुळवता येत नाहीत. मग त्याला लिहून देतं कोण?

मंगळवारी तो एस.टी.ने विरारला गेला. वसईतल्या दुकानांत त्याला सगळे ओळखत. विरारला स्टेशनच्या पूर्वेला फुलपाड्याकडे नव्या इमारती उठत होत्या, रस्ताभर सिमेंटची धूळ होती, आणि तिथल्या कॅसेटच्या दुकानात मालकाने त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. बर्नार्डची कॅसेट मागताना त्याचा आवाज आपोआप खाली गेला. शेजारी अर्नाळ्याची एक कोळीण उभी होती, मासळीची रिकामी पाटी कमरेला लावून. तिलाही तीच हवी होती. एक घरात आहे, ही जावेसाठी, असं ती दुकानदाराला सांगत होती, आणि दुकानदार तिला मार्थाबाई म्हणून ओळखत होता. सिप्रियनने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, इतकं काय आहे तिच्यात.

‘आमच्या दिरावर हाय ती,’ मार्था म्हणाली. ‘पिशवी बघनारा. जाऊ माहेरशी आली का पयली पिशवी बघतो. बर्नार्डला कोनी सांगितलं देव जाने.’

दिराचं नाव आहे का त्यात, असं त्याने विचारलं. ती त्याच्याकडे जरा नवलाने बघत राहिली. ‘नाव कशाला पायजे? वलखतो ना आमी.’

ती गेल्यावर दुकानदार हसला. सगळे असंच म्हणतात, तो म्हणाला. फुलपाड्याच्या भाडेकरूंना ही बोली धड कळत नाही, पण कुणाला त्यात घरमालक दिसतो, कुणाला सासरा, एकाने तर ऑफिसातल्या साहेबाला भेट द्यायला नेली, साहेबाला कळणार नाही या खात्रीने. सिप्रियनने मग, घसा साफ करून, दुसऱ्या एका कॅसेटचं नाव घेतलं, आपल्या स्वतःच्या. दुकानदाराने खालच्या फळीकडे बोट दाखवलं. ती आहे की, पाहिजे तेवढ्या आहेत. त्यात नावं घातलीत मास्तरांनी. ज्याचं नाव आहे तो घेत नाही, आणि बाकीच्यांना तो माणूस माहीत नाही. शिवाय, तो म्हणाला, ती ऐकताना कुणीतरी कुणाला मारतंय आणि आपण खिडकीतून बघतोय असं वाटतं. सिप्रियन बाहेर उन्हात आला. एवढं नेमकं बोलणं दुकानदाराला आपोआप सुचणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. बर्नार्डने त्याला पढवून ठेवलं असणार. आणि ती कोळीण? ती नेमकी त्याच वेळी तिथे कशी? एस.टी.त बसल्यावर मात्र त्याला वाटलं, मी विरारला जाणार हे मी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. हा विचार त्याने फार वेळ धरला नाही.

बुधवारी सकाळी क्लेमेंटीन बाजारात गेली तेव्हा त्याने दार लावून कॅसेट ऐकली. टेपरेकॉर्डर व्हेरोनिकाने कुवेतहून पाठवलेला, त्यावर क्लेमेंटीनने शिवलेलं कापडाचं झाकण. वही समोर घेऊन, लाल पेन्सिल हातात धरून, उत्तरपत्रिका तपासावी तसा तो एकेक ओळ थांबवून ऐकत गेला. आपल्याशी जुळलं की खूण. पेरूच्या बिया: पेरू किडका निघेल म्हणून तो कापून, उजेडात धरून बघत असे; खूण. आरसा: दाढी करताना मागे कुणी उभं राहिलेलं त्याला चालत नसे; खूण. पाहुणा उठला की खुर्चीची गादी चाचपून बघतो. हे त्याने एकदाच केलं होतं, आणि तेव्हा खोलीत क्लेमेंटीनशिवाय कुणी नव्हतं. टेपचं बटण दाबताना त्याचं बोट घामाने घसरत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे ओळी चांगल्या होत्या. एखाद्या ओळीशी तो नकळत हसे आणि मग रिकाम्या घरात आपलं हसणं ऐकून दचके. त्या ओळींची चालही त्याच्या ओळखीची होती, आधी साधं, घरगुती काहीतरी, मग अर्धा श्वास थांबून एक लहानशी टाचणी. ही आपली चाल आहे, असं तो मनाशी म्हणाला. बर्नार्ड माझी चाल चोरतो आहे आणि माझी बायको त्याला माल पुरवते आहे. तरीही काहीतरी नीट बसत नव्हतं. आपल्याला या चालीची शेवटची ओळ कधी सुचली होती, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला, आणि ते वर्ष ब्याऐंशीच्या पुढे यायला तयार होईना.

गुरुवारी दुपारी क्लेमेंटीन ‘बायकांत बसून येते’ म्हणून निघाली. दर गुरुवारी ती हेच म्हणे आणि तो ते चर्चच्या महिला मंडळाचं समजे. आज तो तिच्या मागोमाग निघाला. आपण बायकोच्या मागावर चाललो आहोत, हे कुणी बघितलं तर काय म्हणायचं, याची त्याने दोन उत्तरं तयार ठेवली होती. चर्चच्या वळणाला ती वळली नाही. सरळ गेली, तळ्याच्या कडेने, बर्नार्डच्या वाडीकडे, आणि ते बघून त्याच्या छातीत कळ यावी तसं झालं, पण त्या कळीत थोडं समाधानही होतं. शेवटी आपण चुकलो नव्हतो. तो मागच्या बाजूने केळींत शिरला. पानांतून बर्नार्डची पडवी दिसत होती. जमिनीवर ओलं गोणपाट पसरून पाच-सहा बायका विड्याची पानं लावत बसल्या होत्या, मोठी एकीकडे, लहान एकीकडे. मध्ये बर्नार्डची बायको मटिल्डा होती, आणि तिच्या शेजारी, पाय लांब करून, क्लेमेंटीन. घरात ती पाय लांब करून कधी बसत नसे. बर्नार्ड पडवीच्या टोकाला, बायकांकडे पाठ करून, क्लॅरिनेटची पिपाणी पुसत बसला होता. वही नाही, पेन्सिल नाही.

मटिल्डाने काहीतरी विचारलं, सरांना सुट्टी आहे ना, असं काहीतरी. आणि क्लेमेंटीन बोलायला लागली. तो आवाज सिप्रियनने चार वर्षांत ऐकला नव्हता. घरात तिचा एक सपाट आवाज असे, जेवायला चला, छत्री घ्या, त्याची त्याला इतकी सवय झाली होती की हा दुसरा आवाज होता हेच तो विसरला होता. हा आवाज जरा खालून यायचा, हसायच्या बेतात असलेला आणि न हसणारा. ‘सुट्टी शाळेला असते,’ ती म्हणाली. ‘सर घरी असले की घराची शाळा होते.’ बायका हसल्या. तिने एक पान उलटंसुलटं करून लहानांत टाकलं. ‘परवा मला शिंक आली. तर विचारतात, ही कुणाकडून आणलीस?’ आणि सिप्रियनचा हात शर्टाच्या खिशात गेला. पेन्सिल निघाली. एस.टी.चं तिकीट निघालं. तिकिटाच्या मागे, डाव्या तळहातावर धरून, तो लिहायला लागला: परवा शिंक आली, कुणाकडून. हात आपोआप चालत होता, जसा तो वीस वर्षं चालला होता. पडवीत अर्धा श्वास गेला आणि मग तिची टाचणी आली. ‘म्हटलं, माझीच आहे. तुमच्या वहीत लिहायची राहिली असेल.’

पेन्सिल थांबली. पडवीत हसण्याचा लोट उठला, बर्नार्डचे खांदे हलत होते, तो डोळे पुसत होता. सिप्रियन त्या तिकिटाकडे बघत उभा राहिला. त्याला नवरदेवाचे काका आठवले, दात मागून आणलेले. ती ओळ कुठे सुचली? चुलीपाशी. बोंबील साफ करताना क्लेमेंटीन स्वतःच्या काकांबद्दल बोलत होती आणि तो ताटावरून उठून, हात धुवायचं निमित्त करून, अंगणात जाऊन लिहून आला होता. वरमाई आणि मुंग्या: नारळ खवताना, त्याच्या आईबद्दल, आई मागच्या खोलीत असताना, हळू आवाजात. एकेक ओळीच्या मागे एकेक वास उभा राहिला, बोंबलांचा, खोबऱ्याचा, भिजलेल्या राखेचा, आणि प्रत्येक वासामागे तिचा हात चाललेला. बोलणं काय, सगळ्या बायका बोलतात, लिहून काढतो तो खरा, असं तेव्हा त्याला वाटत असे. नव्हे, तेवढंसुद्धा वाटत नसे, तो फक्त उठून अंगणात जात असे. मग पिशवी. मग ती घरात बोलायची थांबली. त्याला जाणवलं होतं ते इतकंच, की आता लिहिणं जड जातं. उत्तरपत्रिका पकडण्यात तो सहसा चुकत नसे. शेजारच्या बाकावरून उतरवून घेणारे आपणच आहोत, हे बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

तो मागे फिरला तसा केळींच्या बांधावर बर्नार्ड येऊन उभा होता. दोन वर्षांत ते एकमेकांशी बोलले नव्हते. बर्नार्डने आधी विडी पेटवली. मग, सिप्रियनने काहीच विचारलेलं नसताना, सांगितलं. क्लेमेंटीन पानं लावायला मटिल्डाकडे येते, बोलते, त्याला ते गाण्यात घालावंसं वाटलं, त्याने विचारलं, घेऊ का. ती म्हणाली, घे, पण नाव घालायचं नाही, माझंही नाही आणि त्यांचंही नाही. नाव न घालण्याची अट तिची होती. बर्नार्डला वाटलं होतं अशी कॅसेट कोण घेणार. सिप्रियनने विचारलं, म्हणजे ती माझ्यावरच आहे ना.

‘असेल,’ बर्नार्ड म्हणाला. ‘पण तुझ्यावरची म्हणून लोकांनी घेतली असती तर ती गिरीजच्या बाहेर गेली नसती. तू एवढा मोठा नाहीस रे.’

हे तो हसून म्हणाला नाही, आणि त्यामुळे सिप्रियनला राग आला नाही. बर्नार्डने विडी बांधावर विझवली. मग बर्नार्डने सांगितलं की पुढच्या कॅसेटला क्लेमेंटीन स्वतः गाणार आहे, पण ते तिने तुला सांगायचं, मी बोललो असं म्हणू नकोस.

ती चर्चच्या संध्याकाळच्या घंटेच्या वेळी घरी आली. हातपाय धुऊन, सूप घेऊन ओट्यावर तांदूळ निवडायला बसली. सिप्रियन पायरीवर बसला होता. वाटेत त्याने जी वाक्यं तयार केली होती ती आता सगळी वर्गातली वाटत होती. मी आज बर्नार्डच्या केळींत उभा होतो, एवढं तो म्हणाला.

‘दिसलात,’ ती सुपातून मान वर न करता म्हणाली. ‘पांढरा शर्ट घालून केळींत कुणी लपतं का.’

म्हणजे शिंकेची ती ओळ तो आहे हे बघून म्हटलेली होती की आधीच ठरलेली होती? हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो बाजूला सारला, आणि बाजूला सारताना तो किती जड आहे हे त्याला जाणवलं. माझ्या वह्यांतलं सगळं तुझंच आहे, असं तो म्हणाला. हे म्हणायला त्याला वेळ लागला. ते ऐकून ती विरघळेल, निदान हात थांबवेल, अशी त्याची कुठेतरी अपेक्षा असावी.

‘सगळं नाही,’ क्लेमेंटीन म्हणाली. ‘मार्गारेटचं तुमचं.’

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने मग सपाट आवाजात सांगितलं की सोमवारी ती मटिल्डाबरोबर मुंबईला जाणार आहे, स्टुडिओत, आणि उशीर झाला तर भात लावून घ्या. या वेळी नाव असेल, असंही ती म्हणाली. सिप्रियनची मान वर आली. ‘माझं,’ ती म्हणाली. ‘कव्हरवर. बर्नार्डने विचारलं, घालू का. मी हो म्हटलं.’  खोलीत टेपरेकॉर्डरवरचं ते झाकण त्याला तिथून दिसत होतं, आणि ते तिने किती बारीक टाक्यांनी शिवलं होतं हे त्याने आजवर बघितलं नव्हतं. मग त्याने तो विषय काढला, जो चार वर्षं काढला नव्हता. त्या दिवशी तू उमराळ्याहून आलीस, मी आधी बाबांचं विचारायला हवं होतं, असं तो म्हणाला. तिचा हात सुपात थांबला.  काळोख अजून पडला नव्हता, पण तांदळाचा पांढरा रंग निळसर व्हायला लागला होता. माफी मागतो मी, असं तो म्हणाला, आणि ते शब्द त्याला इतके अनोळखी वाटले की त्याने ते परत एकदा, हळू म्हटले.

‘मागा,’ क्लेमेंटीन म्हणाली. आवाज तो होता, खालून येणारा, पडवीतला. ‘पण दिली तर लगेच उघडून बघू नका, आत किती आहे म्हणून.’

त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग तो खरोखरच हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं. चार वर्षांत तिने त्याला असं काही म्हटलं नव्हतं. आणि तेवढ्यात, हसू अजून तोंडावर असतानाच, खालून तो विचार वर आला: ही ओळ तिला आत्ता, इथे, माझ्यासाठी सुचली, की मागच्या गुरुवारी तिने ती पडवीत म्हणून घेतली होती? बायका हसल्या होत्या का? सोमवारी ही तिथे माइकपुढे म्हणणार का? प्रश्न जिभेच्या टोकापर्यंत आला. क्लेमेंटीन आता त्याच्याकडे बघत होती.

‘काय?’ तिने विचारलं.

‘काही नाही,’ तो म्हणाला. पायरीवरून उठून तो तिच्या समोर बसला आणि सुपातले खडे वेचायला लागला. उजेड कमी होता. एक तांदूळ त्याने खडा समजून उचलला, बोटांत फिरवून, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आणि परत सुपात टाकला.